बोटांतला शे

मे महिन्यात जळगावात कोणी काही शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुपारी डांबर चपलेला चिकटतं, नळाला येतं ते पाणी थेट चहाला ठेवावं, आणि गावाबाहेर केळीला वारा लागू नये म्हणून लावलेली शेवरीसुद्धा मान टाकते. अशा दिवसांत माणसाने ओल्या फडक्याखाली गप पडून राहावं. पण आमच्या साहेबांना नेमकं आत्ताच सुचलं की ऑफिसातल्या सगळ्या टायपिस्टांनी कॉम्प्युटर शिकून घ्यावा, नाहीतर त्यांचं पुढे काय करायचं ते बघू. हे 'बघू' ज्या सुरात आलं तो सूर मी आधी ऐकलेला आहे.

तर मी रोज संध्याकाळी बसस्टँडमागच्या एका क्लासात जाते. शिकवणारा पोरगा नुकतं मिसरूड फुटलेला. मला काकू म्हणतो. माझी पस्तिशी आत्ता कुठे उलटली आहे, पण सांगणार कोणाला. "काकू, कळा ठोकू नका, नुसतं बोट टेकवा," असं तो मला रोज सांगतो आणि मी रोज ठोकते. माझी बोटं लोखंडी मशीनवर घडलेली. त्यांना टेकवणं माहीत नाही. माझ्या दणक्याने त्या प्लास्टिकच्या कळा थरथरतात आणि शेजारच्या मुली हसतात. हसू देत.

हा पोरगा शिकवतो कमी आणि मेंदूबद्दल बोलतो जास्त. कुठल्याशा मासिकात त्याने वाचलंय, नवी गोष्ट लवकर कशी शिकावी. थोडं थोडं शिका, मधे थांबा, रात्री नीट झोपा. झोपेत म्हणे मेंदू दिवसाची उजळणी करतो. चुका करा, चुकल्याशिवाय मेंदूत नवी वाट पडत नाही. आणि शेवटी, हात छातीवर बांधून, "भीती नको, काकू. भीतीने मेंदू बंद पडतो." बाकीचं सगळं मी ऐकून घेतलं. या शेवटच्या वाक्यावर मात्र माझं डोकं फिरलं. कोणी सांगितलं याला? भीतीने मेंदू असा काही चालतो की बघत राहावं. मी बघितलाय, धुळ्याला, असाच मे महिना होता.

धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत. माझे मामा जुन्या धुळ्यात अशाच एका नंबराच्या गल्लीत राहत. बारावीनंतर मला त्यांच्याकडे धाडलं, टायपिंग शिकायला. ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मुलीला टायपिंग येत असलं की नोकरी लागते आणि नोकरी असली की स्थळ येतं, असं आमच्या घरातलं गणित होतं. क्लास पिठाच्या गिरणीच्या वर, पत्र्याखाली. खालून पीठ उडायचं, वरून पत्रा तापायचा. मशीनच्या तेलाचा, रिबिनीच्या शाईचा आणि ताज्या ज्वारीच्या पिठाचा मिळून जो वास व्हायचा तो अजून माझ्या नाकात आहे. गिरणीच्या पट्ट्याची फटफट आणि वर आमची खटखट. वीज गेली की पट्टा थांबायचा, पंखा थांबायचा, आम्ही थांबायचो नाही. सर म्हणायचे, टाइपरायटरला वीज लागत नाही, अंगाला लागते, आणि अंगाची इथे कोणी विचारपूस करत नाही.

सर म्हणजे क्लासचे मालक. पांढरा बुशशर्ट, खिशाला दोन पेनं, हातात लाकडी फूटपट्टी. त्यांनी एक खोकं बनवून घेतलं होतं, पुढून उघडं. ते कळांवर पालथं घालायचं आणि आत हात घालून टाइप करायचं. म्हणजे कळा दिसत नाहीत, बोटांनीच ओळखाव्या लागतात. बोट चुकलं की खोक्यात फूटपट्टी यायची. कधी येईल ते कळायचं नाही, कारण ते मागून यायचे. करंगळ्या सगळ्यांच्याच सुजलेल्या असायच्या. घरी भाकरी मोडताना कळायचं. आणि खोटं कशाला बोलू, आठवड्याभरात कळा पाठ झाल्या. कोणाच्याही लाडाने इतक्या लवकर झाल्या नसत्या.

माझ्या शेजारच्या मशीनवर सिंधूअक्का बसायची. आम्ही सगळ्या अठरा-एकोणीसच्या, ती तिशीची. आमच्याच गल्लीत समोर दोन खोल्यांत राहायची, सासूबरोबर. नवरा एका सरकारी ऑफिसात क्लार्क होता, तो कावीळ होऊन गेला. मूलबाळ नाही. ऑफिसने सांगितलं होतं, घरातल्या एकाला घेऊ. ते एक कोण, एवढाच प्रश्न होता. धाकटा दीर साक्री रस्त्यावरच्या गावात शेती करायचा, तोही दहावी पास, शिपाई म्हणून का होईना, टपून बसलेला. साहेबांनी सिंधूअक्काला सांगितलं, टायपिंगची सरकारी परीक्षा पास व्हा, घरच्या थोरांनी तुमचं नाव द्यावं, क्लार्कची खुर्ची तुमची. घरचं थोर माणूस म्हणजे सासू. आणि सासू ठाम सुनेच्या बाजूने. पोटचा पोरगा समोर असताना म्हातारी म्हणाली होती की नाव वहूचंच लागेल, तीच माझं पाहते. म्हणजे आता राहिलं फक्त टायपिंग. नोकरी लागली तर दोघी त्या दोन खोल्यांत राहणार. नाही लागली तर सिंधूअक्का माहेरी, भावाच्या दारात, भावजयीच्या हाताखाली. हे तिला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं. फूटपट्टीवर त्याचा काही परिणाम झाला नाही.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, उगाच कोणी आशेने वाचत बसू नये. सिंधूअक्का पास झाली, आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली पास झाली, आणि नोकरी तिला मिळाली नाही.

सुरुवातीला ती सगळ्यांत हळू. एकेक अक्षर बघायची, ओठ हलवायची, मग बोट टाकायची. पण चूक नाही. कागद स्वच्छ. सर म्हणायचे, बैलगाडी आहे पण रस्ता सोडत नाही. मग एके दिवशी, का कोण जाणे, तिची गाडी पळायला लागली. आमच्या कानांना ते आधी कळलं. शेजारून ठक, ठक येत होतं त्याची सलग धार लागली, ओळ संपल्याची घंटी भराभर वाजायला लागली. ती कागदाकडे बघत राहायची आणि बोटं खोक्यात आपली आपण चालायची. चेहऱ्यावर चक्क हसू. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदा हसली असावी.

त्याच दिवशी सरांनी तिचा कागद उचलला आणि वाचला. मोठ्याने वाचला. "सदर अर्ज विचाराधीन शे." सरांनी पुढची ओळ घेतली. "आपणांस कळविण्यात येत शे की." मग मात्र पत्रा उडून जाईल असे सगळे हसले. हसू येण्यासारखंच होतं ते.

खानदेशाबाहेरच्यांना सांगायला हवं. आपण 'आहे' म्हणतो तिथे अहिराणीत 'शे' म्हणतात. काय शे, कसं शे, घर शे, दार शे. सिंधूअक्काचा जन्म अहिराणीतला, संसार अहिराणीतला. 'आहे' हा तिच्यासाठी पुस्तकात छापलेला शब्द. समोरच्या कागदावर 'आहे' होतं, तिने 'आहे' वाचलं होतं, आणि बोटांनी अर्धा श घेऊन, काना देऊन, वर मात्रा ठेवून 'शे' मारला होता. एकदा नाही, पानभर. तिचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. कागद जवळ धरून बघत राहिली. "सर, मी असं नाही लिहिलं," म्हणाली. सर म्हणाले, "मग काय मशीन शिरपूरचं आहे?" परत हसणं.

मी जळगावची, वडील शाळामास्तर. आमच्या घरी आजी जामनेरकडची, ती 'हाय' म्हणायची, पण आम्ही मुलांनी 'आहे' म्हटलं नाही तर ताटात दुसरी पोळी पडायची नाही. त्यामुळे माझी बोटं या बाबतीत वाचली. माझी अक्कल काही जास्त नव्हती, माझा मार लहानपणीच खाऊन झाला होता.

हा किस्सा परवा मी क्लासातल्या त्या पोराला सांगितला. मला वाटलं हसेल. तो खुर्चीतून उठलाच. "काकू, अहो, ती चूक नव्हतीच. ती शिकल्याची खूण होती." मग त्याने मला समजावलं, आणि मेल्याने बरं समजावलं. नवं काही शिकताना मेंदूतलं पुढचं खातं राबतं. ते प्रत्येक अक्षर तपासून पुढे सोडतं, म्हणून वेळ लागतो. सराव झाला की काम मागच्या खात्याकडे जातं. ते तपासत बसत नाही. अख्खा शब्द कानावर घेतं आणि हातातून काढून देतं. सिंधूअक्काचं काम मागच्या खात्याकडे गेलं होतं, म्हणून स्पीड आला. आणि त्या खात्याला अहिराणीच येत होती. "हळू करताना शे का येत नव्हता, कळलं ना? तिला फक्त अजून थोडे दिवस द्यायचे होते. आपोआप बसलं असतं." मी त्याला म्हटलं, तू तेव्हा कुठे होतास? तो म्हणाला, पाळण्यात. बरोबर आहे. उपयोगाचं माणूस वेळेवर पाळण्यातच असतं.

सरांना खातीबिती माहीत नव्हती. त्यांना वाटलं बाई अडाणी आहे, किंवा मुद्दाम करते. "सरकार अहिराणी बोलत नाही, बाई," ते म्हणाले. ते स्वतः शिंदखेड्याकडचे. त्यांनी आपली बोली कधी आणि कोणाच्या हातचा मार खाऊन सोडली, कोणाला ठाऊक. त्यांनी आधी नेहमीचे उपाय केले. प्रत्येक 'शे'ला एक फटका आणि पान पहिल्यापासून. उभं करून स्वतःच्या चुका स्वतःच्या तोंडाने वाचायला लावणं. त्याने उलटच झालं. ती जितकी घाबरायची तितके शे वाढायचे. वर्गात तिचं नाव शेबाई पडलं. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बायकांपर्यंत ते नाव पोचलं.

मग सरांनी खरा उपाय काढला. "आजपासून परीक्षेपर्यंत तुमच्या तोंडातून शे निघता कामा नये. इथे नाही, बाजारात नाही, घरी नाही. तोंडातला बंद झाला की बोटातला बंद होईल." एवढ्यावर थांबले नाहीत. आमच्याकडे वळून म्हणाले, "हिच्या तोंडून बाहेर शे ऐकून मला जो येऊन सांगेल त्याला एक पान माफ."

एक पान माफ म्हणजे काय, ते त्या पत्र्याखाली बसलेल्यालाच कळेल. पोरी सिंधूअक्काच्या मागे लागल्या. भाजीबाजारात तिच्या पाठी उभ्या राहायच्या. पाणी भरताना नळावर यायच्या आणि एकदम गोड आवाजात विचारायच्या, "अक्का, तुनी पिशवी कोठे शे?" ती बिचारी गाफील असली की तोंडातून जायचं, "आठेच शे ना." झालं. पोरगी क्लासकडे पळत सुटायची. दुसऱ्या दिवशी खोक्यात फूटपट्टी. पहिला आठवडा तिचे हात बघवत नव्हते. दुसऱ्या आठवड्यात तिने बोलण्याआधी थांबायला सुरुवात केली. कोणी काही विचारलं की ओठ उघडायचे, क्षणभर तसेच राहायचे, आणि मग शब्द यायचा. खोक्यातही तसंच. 'आहे'पाशी आली की बोट हवेत थांबायचं, मग पडायचं. हळूहळू ते थांबणं इतकं बारीक झालं की फक्त शेजारी बसणाऱ्याला ऐकू यावं. शे गेला. कागद स्वच्छ, स्पीड तसाच. सरांनी कागद उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "बघा, होतं की नाही?" होतं. आम्ही डोळ्यांनी बघितलं.

म्हातारीला तिने आधीच सांगितलं होतं. मी तेव्हा तिथेच होते, त्यांच्या ओट्यावर बिबड्यांना, म्हणजे ज्वारीच्या पापडांना, ऊन देत बसले होते. सिंधूअक्का सासूपाशी बसून म्हणाली, "परीक्षालोंग मी शुद्ध बोलसू, माय. राग नको धरू." म्हातारी हसली. "बोल ना, पोरी. मी काय शाळाना साहेब शे का?" दोघी हसल्या. हे बोलणं मला मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण पुढे सगळे म्हणाले की सुनेने म्हातारीला विश्वासात घ्यायला हवं होतं. घेतलं होतं. विश्वास पुरला नाही.

कारण सांगून कळणं वेगळं आणि रोज कानावर पडणं वेगळं. 'माय'ची 'आई' झाली. "आई, जेवण तयार आहे." "आई, औषध घेतलं का?" म्हातारी पहिल्यांदा गंमत म्हणून "हा बाईसाहेब" म्हणायची. मग नुसती मान हलवायची. मग तीही बंद झाली. त्या खोल्यांत पोराचा आवाज गेला होता, आता सुनेचाही गेला. माझ्याशी एकदा म्हणाली, "घरमा कोनी पाव्हनी बशेल शे असं वाटस." हसत म्हणाली, पण पदर डोळ्याला लावला. बाजाराच्या दिवशी धाकटा दीर यायचा. तो काही करायचा नाही, नुसता आईजवळ बसून तासभर गप्पा मारायचा. गावाच्या, म्हशीच्या, कोणाची पोर उजवली त्याच्या. अहिराणीत. म्हातारी त्या दिवशी दोन घास जास्त जेवायची. निघताना तो एवढंच म्हणायचा, "आतेच अशी बोलस, माय. नोकरी लागनी म्हंजे तुले वळखी का?" त्याला अक्कल नव्हती असं कोणी म्हणू नये.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्याच दिवसांत आली. खानदेशात आखाजीसारखा सण नाही. लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधतात, गल्ली गाण्यांनी भरून जाते. आणि घरोघरी गेलेल्या माणसांसाठी पाण्याची घागर भरतात. सिंधूअक्काच्या घरी नवऱ्याची पहिली घागर. मला जेवायला बोलावलं होतं. म्हातारीने पहाटेपासून खापर तापवलं होतं. पुरणाचा मांडा दोन्ही हातांवर झुलवत मोठा मोठा करायचा आणि पालथ्या खापरावर टाकायचा, हे काम तिने सुनेला लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला शिकवलं होतं, सुनेच्या हातांखाली आपले हात धरून. "हातले सांग, डोकाले नको सांगू," असं तेव्हा म्हणाली होती म्हणे. त्या दिवशी दोघींनी मिळून मांडे केले. एक शब्द नाही. हात मात्र एकमेकींना चुकले नाहीत.

घागर मांडली. तिच्यावर खरबूज ठेवलं, आंबे ठेवले. पान वाढलं. म्हातारी निखाऱ्यावर तूप सोडत सुनेला म्हणाली, "बलाव त्याले." सिंधूअक्काने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी क्लासातली. तिचे ओठ उघडले, थांबले. मग ती घागरीकडे बघून म्हणाली, "या. जेवायला वाढलं आहे."

म्हातारीचा तुपाचा चमचा तसाच राहिला. "कोनले बलावस?" ती म्हणाली. "तठे कोन साहेब बशेल शे का?" आणि उठून आतल्या खोलीत गेली. मांडे तसेच राहिले, दुधात न भिजवता. बाहेर झोक्यावर पोरी गात होत्या. सिंधूअक्का मला वाढत राहिली. "अजून एक घे," म्हणाली. शुद्ध.

क्लासातल्या पोराला मी विचारलं, परीक्षा झाली, मग तर ती मोकळी होती ना? मग का नाही जुनं परत आलं? कारण मी पाहिलं होतं, जूनमध्ये परीक्षा संपली, निकालाला पोळा जवळ आला, तरी ती म्हातारीशी तशीच बोलत राहिली. सरांनी बजावलं होतं, सोडू नका, ऑफिसात परत तोंडी येईल. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तिने प्रयत्न केलेला मी ऐकलाय. "माय" म्हणायची आणि पुढे अडकायची. अहिराणी वाक्य अर्ध्यात शुद्ध होऊन जायचं आणि ऐकायला आणखीच वाईट लागायचं, चिडवल्यासारखं. म्हातारीला वाटायचं आता ही मला नावं ठेवते. पोरगा म्हणाला, शिकलेलं पुसलं जात नाही, काकू. नवी सवय जुन्या सवयीला दाबून धरते, बस. पण भीतीपोटी सारखं दाबून धरलं तर मेंदू तेच शिकतो, दाबून धरणं. ज्याच्यासमोर सगळ्यात जास्त दाबलं असेल, त्याच्यासमोर ते सगळ्यात घट्ट बसतं. म्हटलं, आणि हे सुटतं कधी? तो म्हणाला, वेळ द्यावा लागतो. वेळ. जो तो वेळ सांगतो. द्यायला कोणाकडे असतो?

मला त्या पोराचा राग येतो तो यासाठी. त्याच्या मासिकात लवकर कसं शिकावं ते लिहिलंय. लवकर शिकताना कोणाच्या घरातलं काय जातं, ते लिहिलेलं नाही. आणि आमच्या सरांचाही मला पूर्ण राग करता येत नाही, याचा जास्त राग येतो. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या पोरी आज कुठे ना कुठे खुर्चीवर बसल्या आहेत. मीही बसले आहे. महिन्याच्या एक तारखेला पगार घेताना मी त्यांना शिव्या देत नाही.

निकाल लागला. सिंधूअक्काचा नंबर वरचा आला. सरांनी पेढे वाटले, तिचा कागद काचेत लावला, नव्या पोरींना दाखवायला. ऑफिसातून निरोप आला, घरच्यांना घेऊन या. तिने मला सोबत यायला सांगितलं. तिने इस्त्रीची पांढरट साडी नेसली होती, केस चापून बसवले होते, क्लार्क दिसत होती. म्हातारी रिक्षात मधे बसली होती, कोणाशी बोलली नाही. धाकटा दीर सायकलवर मागून आला. तो इतका निवांत का आहे, हे मला तेव्हा कळलं नाही.

साहेब चांगले होते. म्हातारीला बसायला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. म्हणाले, "आजी, घरातून एकच नाव द्यायचं आहे. तुमच्या सूनबाई फार चांगल्या पास झाल्यात. मग त्यांचंच लावू ना?"

म्हातारी म्हणाली, "पोऱ्यानं नाव लावा."

साहेबांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी परत विचारलं, सूनबाईंचं नाव तुम्हीच आधी सांगितलं होतं ना? म्हातारीने सिंधूअक्काकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. परक्या बाईकडे बघतात तसं पाहिलं. "ती मनी वहू व्हती," ती म्हणाली. "हाई बाई कोन शे, माले म्हाईत नही. मरताना मी पानी मांगसू, तर इले कळी का?"

दीर पायांकडे बघत उभा. सिंधूअक्का पुढे झाली. म्हातारीच्या खुर्चीपाशी खाली बसली, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. त्या सुजून सुजून टणक झालेल्या बोटांनी घट्ट धरले. एक शब्द हवा होता. एकच, तोंडाभर. तो तिच्या घशापर्यंत आलेला मला दिसत होता. ओठ उघडले. आणि थांबले. ते थांबणं मी महिनाभर शेजारी बसून ऐकलं होतं, त्या खोलीत दुसऱ्या कोणाला ते कळलं नसेल.

"आई," ती म्हणाली, "मी आहे ना."

म्हातारीने आपले हात सोडवून घेतले.

"आयकं ना, साहेब?" ती म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि दिराला त्याचं पूर्ण नाव विचारलं.